वारीच्या वाटेवर ढेकणांपासून बचाव: सोलापूरहून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा वारीला निघणारा माणूस पायांच्या फोडांची, पावसाची आणि पिण्याच्या पाण्याची तयारी करतो. ढेकणाचा विचार मात्र बहुतेक जण परतल्यानंतर, म्हणजे तो घरच्या गादीत सापडल्यानंतर करतात. मीही त्यांच्यापैकीच एक आहे. पंढरपूरहून रात्री उशिरा घरी पोहोचल्यावर दमलेल्या अंगाने वळकटी सोडली ती थेट पलंगावर, आणि त्या एका आळसापायी पुढचे चार महिने घरातील प्रत्येक उशीची शिवण तपासत बसावे लागले. त्यामुळे या लेखात रात्रीच्या झोपेपेक्षा सामानाविषयीच अधिक लिहिले आहे, हे वाचकांच्या लक्षात येईल.

सोलापूरकरांचा वारीशी संबंध अनेक वाटांनी येतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव असे मुक्काम करत वाखरीला पोहोचते. तुकोबांची पालखी सराटीनंतर नीरा ओलांडून अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या वाटेने वाखरीला येते. शेगावची गजानन महाराजांची पालखी तुळजापूर, उळे या बाजूने सोलापूर शहरात येऊन तिऱ्हे, माचणूर, मंगळवेढा या मार्गाने पंढरपूरकडे जाते. आळंदीपासून चालणाऱ्याला सुमारे २५० किलोमीटर आणि अडीच-तीन आठवडे पडतात. एवढ्या काळात रोज नवी जागा आणि रोज नवा शेजार असतो. कोजागरीला एका रात्रीत तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना यांतील फारसे काही लागू होत नाही, कारण ते वाटेत अंथरूणच घालत नाहीत.

आधी ढेकूण ओळखावा

पूर्ण वाढलेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटर लांबीचा, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो; अख्खा मसूर डोळ्यांपुढे आणला तर रंग आणि आकार दोन्ही लक्षात राहतात. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट आणि गडद लाल दिसतो. नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू तिळाहून लहान आणि जवळजवळ रंगहीन असते, त्यामुळे पांढऱ्या कापडावर ते सहज नजरेतून सुटते. अंडी सुमारे १ मिलिमीटरची, पांढरी आणि फटीत चिकटवलेली असतात, म्हणून कापड नुसते झटकल्याने ती पडत नाहीत.

ढेकणाला उडता येत नाही आणि उडीही मारता येत नाही. तो चालतो, आणि लांबचा पल्ला गाठायचा झाला तर कोणाच्या तरी वळकटीत, पिशवीच्या शिवणीत किंवा सतरंजीच्या घडीत बसून जातो. उबदार हवेत अंड्यातून साधारण ६ ते १० दिवसांत पिल्लू बाहेर येते, ते पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातीपूर्वी त्याला एकदा तरी रक्त लागते. एक मादी आयुष्यात काही शे अंडी घालू शकते. म्हणजे घरात उपद्रव सुरू होण्यास अंड्यावर आलेली एकच मादी पुरते. अन्नावाचून तो काही महिने जगतो, उन्हाळ्यात कमी आणि थंडीत अधिक काळ, म्हणून वळकटी महिनाभर माळ्यावर ठेवली म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नये.

अंगाची ऊब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांच्या मागाने तो माणसापर्यंत पोहोचतो. झाडलेला-पुसलेला मठ आणि अडगळीची खोली यांत त्याला फरक वाटत नाही. अडगळीत लपायला जागा अधिक मिळते, इतकेच. ज्याच्या अंथरुणात ढेकूण निघाला तो माणूस अस्वच्छ आहे असा अर्थ काढू नये, आणि स्वतःच्या अंथरुणात निघाला तर लाजेने तो लपवूही नये. ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोगाची लागण होते असे सिद्ध झालेले नाही. त्रास असतो तो खाजेचा, झोपमोडीचा आणि घरी नेल्यानंतरच्या मनस्तापाचा.

जागांचा अंदाज

सर्व मुक्काम सारखे नसतात. मोकळ्या रानात किंवा मैदानावर दिंडीच्या राहुटीत, स्वतःच्या ताडपत्रीवर झोपणाऱ्याला धोका सर्वांत कमी असतो, कारण तिथे आदल्या दिवशी कोणी झोपलेले नसते. शाळेच्या वर्गातही तो कमीच असतो; वर्षभर रात्री तिथे माणूस नसल्यामुळे ढेकणाला नियमित अन्न मिळत नाही. मंगल कार्यालयाचा हॉल स्वच्छ दिसला तरी तिथल्या गाद्या कुठून आल्या याची चौकशी करावी, कारण भाड्याच्या गाद्या आणि लोड एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत असतात. बारमाही वर्दळीची धर्मशाळा, लाकडी खाटांचे भक्तनिवास आणि यात्रेच्या काळात एकामागून एक भरणारे लॉज इथे सर्वांत अधिक काळजी घ्यावी.

याहून मोठे ठिकाण चालते-फिरते असते, ते म्हणजे दिंडीचा ट्रक. पहाटे पन्नास-साठ वळकट्या एकमेकींवर दाबून रचल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत त्या तशाच असतात. एका वळकटीत ढेकूण असला तर त्याला शेजारच्या वळकटीत जाण्यास सबंध दिवस मिळतो, आणि तोही अंधारात. ‘ढेकणाच्या संगे हिरा भंगला’ ही म्हण वाईट संगतीविषयी आहे, पण ट्रकमधील सामानाला ती शब्दशः लागू पडते.

निघण्यापूर्वी

पहिली खरेदी जाड, पारदर्शक पॉलिथीनच्या पिशव्यांची करावी. धान्याच्या पोत्यात आतून घालतात तशी मोठी पिशवी बाजारात मिळते. एका माणसास अशा किमान तीन लागतात: एक अंथरुणासाठी, एक धुतलेल्या कपड्यांसाठी आणि एक वापरलेल्या कपड्यांसाठी. पिशवीचे तोंड पिळून, पीळ उलटा दुमडून त्यावर रबर किंवा सुतळी घट्ट बांधावी. नुसती गाठ मारली तर मधे फट राहते. पावसाळ्यात ओले कपडे या पिशवीत कुबट होतात, म्हणून ओल्यासाठी चौथी पिशवी घ्यावी आणि मुक्कामी पोहोचताच ती रिकामी करावी. पाठीवरची किंवा खांद्यावरची पिशवी निवडताना शिवणी, कप्पे आणि वेल्क्रो जितके कमी तितके बरे.

अंथरुणाच्या बाबतीत सोलापूरकराला एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. आपली जाड, नक्षीदार सोलापुरी चादर वारीत नेऊ नये. तिच्या गडद रंगांत आणि उठावदार विणीत रक्ताचा डाग किंवा विष्ठेचा ठिपका दिसत नाही, ती लवकर वाळत नाही, आणि गरम पाण्यात घातली तर पाणी मधल्या घडीपर्यंत पोहोचेतो कोमट होऊन जाते. त्याऐवजी पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या दोन पातळ सुती चादरी घ्याव्यात. त्या तीन बाजूंनी शिवून घेतल्या की अंगावर घालायची मोठी खोळ तयार होते, आणि कोणताही शिंपी हे काम तासाभरात करून देतो. अशी खोळ म्हणजे पूर्ण संरक्षण नाही, कारण डोके आणि हात बाहेर राहतात आणि ढेकूण तोंडाकडून आत येऊ शकतो. तरी उघड्या अंगाचा भाग कमी होतो आणि सकाळी खुणा पाहता येतात. खाली घालण्यासाठी ताडपत्री किंवा मेणकापड घ्यावे. प्लास्टिकची विणलेली चटईही चालते, पण तिच्या कडेला शिवलेली कापडी पट्टी असते आणि लपण्यास तीच जागा उत्तम असते. ती पट्टी उसवून टाकणे सोपे आहे.

याशिवाय छोटी टॉर्च, कॅलामाइन लोशन आणि डॉक्टरांना विचारून घेतलेली खाजेची गोळी सोबत असावी. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत किंवा ज्यांना कीटकदंशाची तीव्र ॲलर्जी आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

काय नेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. डांबरगोळ्या आणि कापूर यांचा वास आपल्याला उग्र लागतो, पण उघड्या जागेत ढेकणावर त्यांचा भरवसा ठेवता येत नाही. बोरिक पावडर झुरळांवर चालते, कारण ती त्यांच्या पोटात जाते. ढेकूण रक्ताशिवाय काही खात-पीत नाही, म्हणून पावडरीवरून तो चालत गेला तरी फारसे काही घडत नाही. डासांसाठी अंगाला लावायचे मलम डासांसाठी अवश्य लावावे, मात्र त्याने ढेकूण दूर राहील असे धरून चालू नये. कीटकनाशकाची बाटली अंथरुणावर फवारणे सर्वांत वाईट: रात्रभर आपणच त्या वाफा श्वासात घेतो, आणि नेहमीच्या अनेक औषधांना ढेकूण पुष्कळ ठिकाणी दाद देईनासा झाला आहे. रॉकेलचा उपाय कोणी सुचवला तर शेजारी चुली, गॅस आणि तंबूंचे कापड आहे याची त्यांना आठवण द्यावी.

मुक्कामी पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे

दिवसभर पंधरा-वीस किलोमीटर चालून आल्यावर माणूस दिसेल त्या गादीवर अंग टाकतो. या पाच मिनिटांत उभे राहण्याची सवय लावणे हे या लेखातील सर्वांत अवघड काम आहे, हे मला ठाऊक आहे.

सामान दाराशी किंवा बाहेर ओट्यावरच ठेवावे. आत गेल्यावर टॉर्चच्या उजेडात प्रथम गादीचे चारही कोपरे उलटून शिवणी पाहाव्यात, मग उशीच्या खोळीचा आतला भाग, मग खाटेचे सांधे, विशेषतः पाय आणि पाटी जिथे जुळतात ती खाच. त्यानंतर अंथरुणालगतच्या भिंतीतील भेगा, खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरची मागची बाजू आणि स्विचबोर्डाची कडा पाहावी. जिवंत ढेकूण दिसेलच असे नाही. बॉलपेनने टिंबे दिल्यासारखे काळे ठिपके, तांबूस डाग, पिवळसर पोकळ काती आणि खाचेत चिकटलेली पांढरी अंडी, यांपैकी काहीही दिसले तरी पुरे. काळा ठिपका संशयास्पद वाटला तर ओल्या कापडाने पुसून पाहावा. तो तांबूस-काळा पसरला तर ढेकणाची विष्ठा असण्याची शक्यता अधिक. उपद्रव मोठा असेल तर खोलीत गोडसर, कुबट वासही येतो.

खुणा आढळल्या तर जागा बदलावी, आणि जमल्यास खोलीच बदलावी. त्याच खोलीतील दुसऱ्या कोपऱ्यात गेल्याने फारसे साधत नाही. दिंडीत हे बोलून दाखवताना संकोच वाटतो, पण सूर साधा ठेवला तर कोणी दुखावत नाही. “माउली, या गादीत ढेकूण दिसतोय, आपण सगळेच गाद्या बाहेर काढून ताडपत्र्यांवर झोपू या का?” एवढे दिंडीचालकांना बाजूला घेऊन सांगावे. यजमानांनी प्रेमाने घातलेल्या गाद्यांविषयी चारचौघांत बोलू नये; पाठीला कडक जमीनच मानवते असे सांगून स्वतःचे अंथरूण घातले तर तेही चालते.

जागा बदलणे शक्यच नसेल, आणि आषाढातील पावसात ते बहुधा शक्य नसते, तर गादी गुंडाळून दूर ठेवावी. ताडपत्री भिंतीपासून हातभर अंतरावर पसरावी आणि चादरीचे टोक भिंतीला, खाटेला किंवा शेजारच्या गादीला टेकणार नाही असे पाहावे. सामानाची पिशवी उशाला घेण्याची आपली सवय चोरांच्या बाबतीत शहाणपणाची आहे, मात्र ढेकणाच्या बाबतीत उलट ठरते. पैसे आणि ओळखपत्र अंगावरच्या कमरपिशवीत ठेवावे आणि उरलेले सामान पॉलिथीनमध्ये बांधून पायांपासून दूर ठेवावे. राहुटीत दोरी बांधलेली असेल तर त्या दोरीवर टांगणे भिंतीच्या खुंटीपेक्षा चांगले.

रात्र आणि सकाळ

झोपताना पूर्ण बाह्यांचा फिकट सदरा आणि पायजमा घालावा. दिवा चालू ठेवल्याने ढेकूण येत नाही ही समजूत खरी नाही. भूक लागली तर तो उजेडातही येतो. कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी असेल तर लावावी, डासांसाठी तिचा उपयोग आहेच, पण तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या असाव्यात.

पहाटे काकड्याच्या गडबडीत चादर तशीच गुंडाळली जाते. त्याऐवजी दोघांनी मिळून ती बाहेर उजेडात ताणून धरावी, शिवणी पाहाव्यात, झटकावी आणि मगच घडी करून पिशवीत घालून तोंड बांधावे. ट्रकमध्ये सामान जाण्यापूर्वी पिशवीला कुठे छिद्र पडले आहे का तेही पाहावे; असेल तर चिकटपट्टी लावावी.

चावा घेतला असेल तर

ढेकूण पाच ते दहा मिनिटे रक्त पितो, पण चावताना बहुधा कळत नाही. कोणाला सकाळी गांधी दिसतात, कोणाला काही दिवसांनी, तर कोणाला काहीच होत नाही. म्हणून आज दिसलेल्या गांधींवरून कालच्याच मुक्कामाला दोष देणे चुकीचे ठरू शकते. उघड्या राहिलेल्या भागांवर, मान, हात, पोटऱ्यांवर ओळीने दोन-तीन गांधी असतील तर ढेकणाचा संशय घ्यावा, मात्र खात्री ढेकूण किंवा त्याच्या खुणा सापडल्यावरच धरावी. घोट्याभोवती दाट ठिपके असतील आणि कुत्री किंवा जनावरे जवळ असतील तर पिसवांची शक्यता अधिक. त्वचेला तोंड रुतवून बसलेला कीटक गोचीड असतो आणि तो ओरबाडून काढू नये.

गांध साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी, कॅलामाइन लावावे आणि नखे कापलेली ठेवावीत. वारीत हाताला सतत धूळ-माती असते, त्यामुळे खाजवून झालेली जखम लवकर चिघळते. गांध लाल, गरम आणि ठणकणारी झाली, पू धरला किंवा ताप आला तर मार्गावरील वैद्यकीय पथकाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. ओठ-चेहरा सुजणे, श्वास लागणे अशी लक्षणे क्वचित दिसतात. तसे झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पंढरपुरात

दशमीला पंढरपूर गाठल्यावर सावधपणा सैल होतो, आणि नेमकी तिथेच गर्दी सर्वांत दाट असते. ‘६५ एकर’ या वारकऱ्यांसाठीच्या मोकळ्या तळावर तंबूत उतरणाऱ्यांनी मार्गावरचाच नेम पुढे चालवावा. मठात, धर्मशाळेत किंवा कोणाच्या घरी उतरणाऱ्यांनी पाच मिनिटांची तपासणी इथे दहा मिनिटांची करावी. काल्यापर्यंत राहणार असाल तर कपडे खुंटीवर आणि सामान कोपऱ्यात पसरून ठेवण्याचा मोह होतो. ते पिशवीतच राहू द्यावे.

परतीचा दिवस

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींत कसूर झाली तरी चालेल, पण या दिवसात होऊ देऊ नये. घरी फोन करून आधीच सांगावे की दारात पाणी तापवून ठेवा आणि सामान कोणी आत नेऊ नका. अंगण, गच्ची किंवा फरशीचे न्हाणीघर यांपैकी एका ठिकाणी सामान उतरवावे. अंगावरचे कपडे तिथेच काढून वापरलेल्या कपड्यांच्या पिशवीत घालावेत आणि आंघोळ करूनच घरात जावे. यजमानीणबाई ओवाळायला तबक घेऊन दारात उभ्या असतील तर ओवाळणे पायरीवरच उरकावे.

ढेकूण आणि त्याची अंडी यांवर घरगुती उपायांत सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उष्णता. ६० अंश सेल्सिअसला धुतलेल्या कपड्यांत दोन्ही मरतात. वॉशिंग मशीनवर हे तापमान लावता येत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर बंबातील किंवा चुलीवरील उकळते पाणी बादलीतील कपड्यांवर ओतून, झाकण घालून अर्धा तास ठेवावे, आणि कपडे इतके कोंबू नयेत की मधला थर कोरडा राहील. थंड पाण्यात दिवसभर भिजवल्याने ढेकूण मरतात, अंडी मात्र टिकतात. माझी आजी दर उन्हाळ्यात बाज अंगणात आडवी टाकून तिच्या सांध्यांत किटलीने उकळते पाणी सोडत असे. तिने तापमान कधी मोजले नाही, पण सांधा हीच जागा आहे हे तिला ठाऊक होते.

सोलापूरच्या उन्हावर आपला फार विश्वास असतो. चैत्री वारीनंतर काळ्या पिशवीत घट्ट बांधून तापलेल्या गच्चीवर दिवसभर ठेवलेले थोडके, पातळ सामान पुरेसे तापू शकते, पण आतल्या घडीचे तापमान ५० अंशांपर्यंत जायला हवे आणि ते बाहेरून कळत नाही. आषाढीनंतर आभाळ झाकोळलेले असते, त्यामुळे तेव्हा उन्हाचा नाद सोडून गरम पाणीच वापरावे. दोरीवर कपडे वाळत घातले की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, एवढेच होते.

न धुता येणाऱ्या वस्तूंचे काम सावकाश करावे. टाळ पुसून त्यांची दोरी गरम पाण्यात घालावी किंवा बदलावी. पखवाज तापवू नये आणि भिजवूही नये. गट्ट्यांच्या खाली, वादीच्या वळशांत आणि खोळीच्या शिवणीत टॉर्चने पाहावे, खोळ वेगळी धुवावी आणि पखवाज पांढऱ्या कापडावर, झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवून आठवड्याला तपासावा. पोथी किंवा गाथा कोरडी असेल तर बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवता येते. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड असेलच असे नाही. चपलांचे पट्टे, पताकेच्या काठीची भेग आणि पाठीवरच्या पिशवीचे कप्पे यांना विसरू नये. पिशवीच्या शिवणींवर कापड मधे घालून गरम इस्त्री फिरवता येते, मात्र नायलॉन वितळते हे लक्षात ठेवावे. वापरलेल्या पॉलिथीनच्या पिशव्या बांधूनच कचऱ्यात टाकाव्यात.

त्यानंतर तीन आठवडे पलंगावर पांढरी चादर घालावी आणि दर आठवड्याला एकदा गादीच्या शिवणी पाहाव्यात. या काळात काही दिसले तर गादी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नये आणि स्वतःही दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये, कारण ढेकूण माणसामागे येतो. जाणकार कीडनियंत्रकास बोलवावे आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दुसरी फेरी ठरवूनच पहिली करून घ्यावी, कारण पहिल्या फेरीत वाचलेली अंडी तोपर्यंत फुटलेली असतात. सोबत चाललेल्या दोघा-तिघांनाही फोन करून सांगावे. त्यांच्या वळकट्या त्याच ट्रकमध्ये होत्या.